आठ खांबांचे पाय

लाकूड घ्यायला आलेल्या माणसाला मी आधी तीन प्रश्न विचारते. हे लाकूड मातीत पुरणार, मातीच्या वर राहणार, की छपराखाली? त्याच्यावर काय चढणार, वेल की माणसं? आणि काम कोण करणार? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं लोक लगेच देतात. तिसऱ्याला मात्र हसतात. "मिस्तरी करेल ना ताई, तुम्हाला काय करायचंय त्याचं?"

हा तिसरा प्रश्न मी आधी विचारत नव्हते. तो विचारायला का लागले, एवढंच मला इथे सांगायचं आहे. खरं तर कामाचे अनुभव लिहिणारी माणसं बहुतेक चाळीस वर्षं नोकरी करून मोकळी झालेली असतात. मी तेवीस वर्षांची आहे, आणि माझी नोकरी म्हणजे जामनेरला पहूर रस्त्यावरच्या एका लाकडाच्या वखारीत चार वर्षं टेबलामागे बसणं. यंदा पुढच्या शिक्षणासाठी धुळ्याला आले आहे, देवपुरात खोली घेऊन राहते. तरी सुट्टी लागली की वखारीतच जाते. लिहिण्याची सवय नाही, म्हणून काही मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. बाबा वखारीत आऱ्यावर काम करतात, म्हणजे ओंडके चिरतात. माझी बारावी झाली त्याच वर्षी शेठनी नाशिककडच्या एका कारखान्यातून निलगिरीच्या हिरव्या बल्ल्या, म्हणजे गोल लांब खांब, मागवायला सुरुवात केली. औषध भरलेलं लाकूड. प्रत्येक गठ्ठ्याबरोबर इंग्रजीत छापलेला एक कागद यायचा आणि वखारीत तो कोणालाच वाचता येत नव्हता. शेठ बाबांना म्हणाले, "तुझी पोरगी वाचते ना? बसव तिला." तर मला नोकरी लागली ती तो कागद वाचण्यासाठी. हे लक्षात ठेवा. माझी चूकही त्या कागदापाशीच झाली.

आधी हे लाकूड काय असतं ते सांगते. आपल्याकडे घराबाहेर लाकूड लावायचं तर सागवान, बाभूळ नाहीतर कडुनिंब. ती झाडं आपल्या अंगच्या गुणाने वाळवीला आणि पाण्याला तोंड देतात. निलगिरी, पाईन यांच्यात तेवढा गुण नाही. म्हणून ती एका आडव्या लोखंडी टाकीत घालतात. आडवा ठेवलेला मोठा कुकरच समजा. त्यातली हवा ओढून घेतात आणि औषधाचं पाणी जोराने आत दाबतात. लाकूड ते पितं. औषधात तांबं असतं, त्याने लाकूड हिरवट होतं. जे मातीत पुरायचं त्याला औषध जास्त लागतं, जे वर राहणार त्याला कमी चालतं. दोन्ही दिसायला सारखीच हिरवी, फरक फक्त टोकाला ठोकलेल्या चिठ्ठीत. गिऱ्हाईक रंग बघतं. मी म्हणते, रंग सोडा, चिठ्ठी बघा.

रंगावरून आठवलं. देवपुरातले माझे घरमालक निवृत्त शिक्षक आहेत. त्यांनी अंगणात मधुमालतीसाठी मांडव घालायला कुठूनतरी स्वस्तात हिरवं लाकूड आणलं होतं. मला कौतुकाने दाखवलं. मी चाचरत म्हटलं, "सर, याचं एक टोक कापून बघू का?" कापलं. खरं औषध भरलेल्या लाकडाला कापल्यावर कडेने दोन बोटं हिरवं कडं दिसतं. सरांच्या लाकडाला कडं नव्हतं, नुसता कागदाच्या जाडीचा रंग. सर म्हणाले, "परीक्षेच्या आदल्या दिवशीचा अभ्यास आहे हा."

ते दोन बोटांचं कडं महत्त्वाचं आहे. लाकूड औषध पितं ते बाहेरचं, पांढरं, कच्चं लाकूड. आतला गाभा औषध घेत नाही. म्हणजे जे काही संरक्षण आहे ते त्या बाहेरच्या दोन बोटांत.

मला बोलताच येत नव्हतं असंही नाही. आमच्या वखारीत झाडलोट करणारी सकूअक्का चुलीसाठी लाकडाचे तुकडे टोपलीत भरून न्यायची. एकदा तिच्या टोपलीत हिरवे तुकडे दिसले. मी धावत फाटकापर्यंत गेले आणि टोपली धरली.

"सोड व पोरी! शेठनं कधी हात लावला नही, अन् तू मले अडवते?"

"अक्का, हे जाळू नको. याच्या धुरात विष असतं. भाकरी त्याच्यावर भाजशील तू."

"दोन बुकं शिकली तं लाकडाले विष चढलं का?"

फाटकात उभी राहून तिने मला मनसोक्त शिव्या दिल्या. मी टोपली सोडली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती स्वतःच हिरवे तुकडे वेगळे काढायला लागली आणि इतरांनाही दटावायला लागली. त्यावरून मला कळलं की शिव्या देणाऱ्या माणसाशी बोलणं तितकं अवघड नसतं. जो माणूस आपलं कौतुक करतो, त्याच्यापुढे तोंड उघडत नाही.

ते माझ्या नोकरीचं आणि कॉलेजचंही पहिलं वर्ष. हिवाळ्यात प्रमोदभाऊ वखारीत आले. पहूरजवळ नाल्याच्या काठाला त्यांचं शेत. थंडीत जळगावची माणसं भरीत खायला शेतात येतात, पऱ्हाट्यांवर, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांवर, वांगी भाजायची, लाकडी डोणीत ठेचायची, पंगत तिथेच. प्रमोदभाऊंना नाल्यावर झुकलेलं एक मोठं मचाण बांधायचं होतं, साठ माणसं बसतील असं. ते सागवान मागायला आले होते. मी माझे दोन प्रश्न विचारले. मातीत पुरणार, वर माणसं बसणार. मी त्यांना मातीत चालणाऱ्या, जास्त औषधाच्या आठ जाड बल्ल्या काढून दिल्या. चिठ्ठ्या दाखवल्या. साधे खिळे वापरू नका, औषधातलं तांबं लोखंड खातं, जस्ताचा मुलामा दिलेलेच घ्या, हेही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं. अख्खी निवड मी एकटीने केलेली ती पहिलीच. घरी जाऊन आईला दोनदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी माल न्यायला त्यांचे मिस्तरी आले, सुपडूनाना.

नानांबद्दल सांगायला हवं. पंचक्रोशीतल्या बैलगाड्या, दारं, लग्नाचे मांडव, सगळ्यांवर नानांचा हात फिरलेला. बाबांना वखारीवर कामाला लावलं तेही नानांनीच. आमच्या घरी ते आले की बाबा खाटेवरून उठून उभे राहतात.

नानांनी बल्लीवरून हात फिरवला. "हे काय व माय? लाकडाले कोनी पालक खाऊ घातला?"

"औषध पाजलंय, नाना. वाळवी लागू नये म्हणून."

"वायवीले औषध! आमच्या वक्ताले वायवीच मिस्तरीले भ्यायची." मग बाबांकडे वळून म्हणाले, "पन पोरगी हुशार निघाली रे तुही. आपून लाकूड पाहून लाकूड वयखतो, ते कागद पाहून वयखते. शिकू दे तिले. थांबवू नको."

बाबांचे डोळे भरून आले. आणि त्याच क्षणी नाना बल्लीचं खालचं टोक थोपटून हमालांना म्हणाले, "नीट चढवा. याह्यले पाय करना आहे मले."

पाय करणं म्हणजे काय ते मला माहीत होतं. आमच्याकडचे जुने मिस्तरी खांब तसाच पुरत नाहीत. जेवढा मातीत जाणार तेवढा भाग वाकसाने चारी बाजूंनी तासतात, वरचं कच्चं लाकूड काढून टाकतात, मग तो भाग आगीवर शेकतात, खड्ड्यात हळदीचं पाणी शिंपडतात आणि मगच खांब उभा करतात. ही अडाणी रीत नाही, हे मी आवर्जून सांगते. सागवान आणि बाभळीसाठी ती अगदी बरोबर आहे. किडा आधी कच्च्या लाकडाला लागतो. ते काढलं की उरतो निव्वळ गाभा, आणि तो वर्षानुवर्षं टिकतो.

पण या बल्लीत सगळं उलटं होतं. औषध कच्च्या लाकडात आणि गाभा कोरा. पाय केला की औषध तासून टाकलं. कागदावर शेवटच्या ओळीत तेच लिहिलं होतं: मातीत जाणारं टोक कापू नका, तासू नका. उंची कमी करायची तर वरून कापा आणि कापलेल्या जागी औषधाचा हात मारा.

कागद माझ्या हातात होता. नाना समोर होते. बाबा त्यांच्या शेजारी. एक वाक्य बोलायचं होतं. आदल्याच आठवड्यात शेठनी बजावलं होतं, "मिस्तरीला कधी दुखवायचं नाही. गिऱ्हाईक एकदा येतं, मिस्तरी दहा वेळा येतो." पण मी शेठचं नाव पुढे करणार नाही. मी गप्प राहिले ते नानांनी नुकतंच माझं कौतुक केलं होतं म्हणून. ज्यांनी आता मला हुशार म्हटलं त्यांना लगेच "नाना, तुमचं चुकतंय" कसं म्हणायचं?

मी कागदाची घडी घातली आणि बिलाच्या पाकिटात टाकली. कागद दिला म्हणजे सांगितलं, अशी मनाची समजूत घातली. कागद इंग्रजीत होता. नाना सही तेवढी मराठीत करतात.

पुढे तीन पावसाळे गेले. मचाण उत्तम झाल्याचं कानावर यायचं. मी कधी बघायला गेले नाही. कदाचित नानांनी या वेळी पाय केलेच नसतील, असं मी धरून चालले होते. विचारलं मात्र नाही. जोराचा पाऊस झाला की नाल्याकाठच्या त्या काळ्या मातीची आठवण यायची आणि मी काहीतरी दुसरं काम काढायची.

गेल्या हिवाळ्यात, एका रविवारी सकाळी, नाना लोडिंग रिक्षा घेऊन वखारीत आले. चार जाड फळ्या पाहिजे होत्या.

"कशाला, नाना?"

"प्रमोदच्या पोरीचा साखरपुडा आहे ना आज. मचानावरच. म्हाताऱ्या बाया खाली मांडी घालून बसत नही, त्याह्यले बाकडे करतो." ते खुशीत होते. "तुव्ह्या त्या पालकाच्या खांबांवर तीन वर्षं झाले, हू की चू नही. हां, पन मी काम बी तसं केलं. आठ खांबांले आठ पाय केले. अशे तासले, अशे तासले, नवरदेवाची दाढी तेवढी गुयगुयीत होत नही."

मी पेन खाली ठेवलं.

"किती तासलं, नाना?"

"तीन-तीन बोटं तं सहज. वरचं समदं कच्चं काढलं."

मी शेठकडे गेले. जमेल तसं सांगितलं. ते हिशेबाच्या वहीतून मान वर न काढता म्हणाले, "आपण चांगला माल दिला. त्याने तासला. तू जागेवर बस. साखरपुड्याच्या घरी जाऊन अभद्र बोलणार आहेस का?"

मी जागेवर येऊन बसले. फळ्या चढत होत्या. बाबांचा आरा चालू होता, त्यांना हाक मारली तरी ऐकू गेली नसती. मी टेबलाच्या खणातला लांब पेचकस घेतला, ओढणीत गुंडाळला आणि रिक्षात नानांच्या शेजारी जाऊन बसले.

"तू कुठी?"

"मचाण बघायला."

नानांना आनंद झाला. पहूरपर्यंत ते मचाणाचं वर्णन करत राहिले आणि मी तीनदा तोंड उघडून मिटलं. चौथ्यांदा, शेतरस्त्याला रिक्षा वळली तेव्हा, एकदाचं बोलले. कसं बोलले ते आठवत नाही. एवढं आठवतं की रिक्षा खड्ड्यांतून आदळत होती आणि माझं वाक्य सारखं तुटत होतं. औषध बाहेरच्या दोन बोटांत असतं. तुम्ही तीन बोटं तासलीत. जे मातीत आहे त्याला औषधच नाही.

नानांनी मांडीवरचा वाकस चाचपला. मग म्हणाले, "माह्या हातचा खांब आजपोत पडला नही."

शेतात पोचलो तर पऱ्हाट्यांवर वांगी भाजत होती, खालच्या बाजूला पुरुषमंडळी उभी. मचाणावर बायका, म्हाताऱ्या, पाहुण्यांकडची माणसं, चाळीस तरी असतील. मधोमध नवरी मुलगी. मचाण अर्धं शेतावर आणि अर्धं नाल्याच्या उतारावर पुढे आलेलं होतं. चार खांब शेताकडच्या मुरमात, चार नाल्याकडच्या काळ्या मातीत. शेताकडे मचाण जेमतेम खांद्याएवढं उंच. नाल्याकडच्या खांबांपाशी पुरुषभर, आणि त्यांच्यापुढे उतार थेट दोन पुरुष खाली दगडांत. आणि वर जायचा जिना होता तो नाल्याकडच्या बाजूला, चढताना पाणी दिसावं म्हणून.

मी शेताकडच्या पहिल्या खांबापाशी गुडघ्यावर बसले. वीतभर माती उकरली आणि पेचकस रोवला. तो टक्क करून थांबला. लाकूड घट्ट होतं. दुसरा खांब, तोही घट्ट. मागून प्रमोदभाऊंचा आवाज आला.

"ताई, काय चाललंय हे?"

मी सांगितलं. अवतीभवती चार माणसं जमली. कोणीतरी हसलं, "वखारवाल्याह्यनं लाकडाचे डाक्टर धाडले का भो?"

प्रमोदभाऊंनी आवाज खाली आणला, पण राग लपत नव्हता. "माझ्या पोरीचा साखरपुडा आहे. व्याही वर बसलेत. तुम्हीच दिलं ना हे लाकूड? तुम्हीच सांगितलं ना, मातीत चालतं? आज म्हणता पडेल? दोन खांब बघितले, चांगले निघाले. बस झालं. वर या, भरीत खा आणि जा."

मला रडू यायला लागलं होतं. दोन खांब खरंच चांगले होते. मुरमात पाणी थांबत नाही. मी म्हटलं, "नाल्याकडचे बघू द्या." ते म्हणाले, "नाही."

तेव्हा नाना पुढे झाले. त्यांनी ना माझ्याकडे पाहिलं ना प्रमोदभाऊंकडे. हातातला वाकस उलटा धरला आणि शेताकडच्या खांबाच्या बुडाशी त्याच्या पाठीने ठोकलं. ठण्ण आवाज आला. मग उतारावरून बाजूबाजूने नाल्याकडे गेले. मी मागे. त्यांनी तिकडच्या पहिल्या खांबाच्या बुडाशी ठोकलं.

भद्द. ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा आवाज.

नाना थांबले. पुढच्या खांबावर ठोकलं, तोच आवाज. हात मागे करून त्यांनी पेचकस मागितला. माती उकरून टोक लावलं आणि मुळीच जोर न देता तो मुठीपर्यंत आत गेला. वर कोणीतरी गाणं म्हणायला सुरुवात केली होती आणि बायका टाळ्या वाजवत होत्या. प्रत्येक टाळीला खांबाच्या बुडाशी मातीची एक बारीक भेग उघडत आणि मिटत होती. ती मी पाहिली. नानांनीही पाहिली.

"प्रमोद," नाना खालूनच म्हणाले, अगदी साध्या आवाजात, "गानं थांबव. पन काब्रं थांबवतो ते सांगू नको. समदे एकदम उठले तं जिन्याकडे येतील, अन् जिना याच बाजूले आहे."

प्रमोदभाऊंनी नानांचा चेहरा पाहिला आणि तसेच मागे वळले. शेताकडून मचाणाच्या कडेला हात टेकवून ते हसऱ्या तोंडाने वर बघत म्हणाले, "बसल्या जागी बसा सगळे. कोणी उठू नका. फोटोसाठी एकेकाला इकडून खाली घेतोय."

"इकून? जिना नही का तिकडं?" एक म्हातारी म्हणाली.

"आजी, तुमाले खांद्यावर घेतो ना," खालून एक जण म्हणाला. "जिना कायले पाह्यजे?"

हशा झाला. पुरुष पुढे आले आणि शेताकडच्या बाजूने एकेकीला उचलून खाली घ्यायला लागले. आधी नाल्याच्या कडेला बसलेल्यांना हळूहळू मधे सरकवलं, मग मधल्यांना शेताकडे. मी खाली उभी राहून मोजत होते. एक, दोन, पाच.

तेवढ्यात नाना रिक्षावाल्याला म्हणाले, "फया आन." बाकड्यांसाठी आणलेल्या त्याच फळ्या. मोठ्या दगडावर एक फळी उभी करून ते तिचा टेकू मचाणाच्या तुळईखाली द्यायला निघाले. म्हणजे वर उरलेल्या पस्तीसेक माणसांच्या खाली.

"नाना, आत नका जाऊ."

"पाय मी केले ना? मंग मीच जाईन."

त्यांनी पहिला टेकू लावला, मग दुसरा. मी वाकून फळीचं दुसरं टोक धरलं. डोक्यावर माणसं सरकत होती आणि फटींतून धूळ आमच्या तोंडावर पडत होती. वीस उतरली. पंचवीस. नवरी मुलगी उतरायला तयार नव्हती, साडी चुरगळेल म्हणून. तिच्या आत्याने तिला दटावून खाली दिलं. पस्तीस. नानांनी तिसरा टेकू लावला.

शेवटी प्रमोदभाऊंची एक जाड मावशी उरली. ती उठली, दोन पावलं टाकली आणि मचाण कर्रकन् वाजलं. नाल्याकडचा कोपरा चार बोटं खाली आला आणि टेकूवर बसला. बस्स, तेवढंच. मावशीला शेताकडून चौघांनी ओढून घेतलं. नाना आणि मी वाकूनच बाहेर आलो. वांगी करपल्याचा वास येत होता.

साखरपुडा ताडपत्रीवर झाला. अंगठ्या घातल्या गेल्या, भरीत झालं, लोकांनी खाल्लं. प्रमोदभाऊंनी मला स्वतः पान वाढून दिलं. रागावतील म्हणून मी वाट पाहत होते. ते फक्त म्हणाले, "खा, ताई." त्याने मला जास्त वाईट वाटलं.

नाना जेवले नाहीत. पाहुणे गेल्यावर त्यांनी वरचे खिळे काढून नाल्याकडचा एक खांब खांद्याने ढकलला. तो दातासारखा हलून बाहेर आला. मातीच्या वरचा भाग हिरवा, खणखणीत. मातीतला भाग बोटांनी चुरला जात होता. नानांनी मातीच्या थोडं वरचा एक काप करवतीने काढला आणि हातात धरला. कडेने दोन बोटं हिरवं कडं, आत फिकट लाकूड. त्यांनी त्या कड्यावरून अंगठा फिरवला.

"म्हंजे लाकूड नही तासलं मी. हे तासलं."

"हो."

"तुले माहीत होतं? त्या दिवशी?"

मी खोटं बोलू शकले असते. कागद पाकिटात टाकला होता, असं सांगू शकले असते. "माहीत होतं, नाना."

"मंग बोलली काब्रं नही?"

"तुम्ही मोठे..."

नानांनी काप उलटा करून पाहिला. "पोरी, मी मोठा आहे म्हनून वर चायीस मानसं बसेल होते. मी मोठा नसतो तं बोलली असती ना तू?"

मी हात पुढे केला. त्यांनी तो काप माझ्या हातावर ठेवला.

शेठनी कुरकुर करत का होईना, आठ नव्या बल्ल्या दिल्या. नानांनी त्या पाय न करता पुरल्या. खड्ड्यात खाली दगडगोटे घातले, पाणी निघून जायला वाट ठेवली आणि हळदीचं पाणी मात्र शिंपडलं. ते औषधाच्या आड येत नाही, हे मी कारखान्याला फोनवर विचारून त्यांना सांगितलं होतं. त्या दिवशी ते औषधाला हसले नाहीत. बाबांना मी सगळं सांगितलं. ते दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. माझ्यामुळे नानांना मान खाली घालावी लागली म्हणून, की मी गप्प बसले म्हणून, ते मला कळलं नाही आणि मी विचारलंही नाही.

तो लाकडाचा काप आता वखारीत माझ्या टेबलावर असतो. कागदाचं मी मराठी केलं आहे, मोठ्या अक्षरांत, आणि तरीही ते नुसतं हातात देत नाही, वाचून दाखवते. पण मिस्तरी समोर असला की अजून माझी जीभ अडते. तिसरा प्रश्न विचारते, मिस्तरीचं नाव कळतं, तो वयाने मोठा निघतो आणि मी पुन्हा कागदाची घडी घालायला लागते.

मागच्या सुट्टीत एक जण द्राक्षाच्या मांडवासाठी बल्ल्या न्यायला आला. बरोबर पांढऱ्या मिशांचा मिस्तरी. गाडी भरून झाली, कागद माझ्या हातातच राहिला, चालकाने चावी फिरवली. नाना फाटकाशी विडी ओढत बसले होते. हल्ली ते असेच येऊन बसतात, काम असो नसो. त्यांनी उठून गाडीच्या टपावर थाप मारली आणि चालकाला गाडी बंद करायला लावली. मग माझ्याकडे वळले.

"हां, बोल ना व माय. गाडी थांबोली आहे."